पहिली सही नानांची

भास्करशेठने तुळशीराम नानांना फसवलं. नानांच्या अर्जासाठी गोळा केलेली सह्यांची नऊ पानं त्याने घेतली आणि स्वतःच्या पत्राच्या मागे टाचली. हे मी पहिल्याच ओळीत लिहितो, कारण नानांची शिकवण तशी होती. मागणी सगळ्यात वर हवी, वाचणारा साहेब दुसऱ्या ओळीपर्यंत जागा राहील याचा भरवसा धरू नये, असं ते म्हणायचे. माझी मागणी शेवटी पुन्हा येईल. मधल्या जागेत नाना कसे होते ते सांगतो. आमच्या वस्तीत त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते खोटं आहे आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की झेरॉक्सचं एक दुकान आहे. त्याच्या जिन्याखाली नाना अर्ज लिहायला बसायचे. टेबल म्हणजे शिवणयंत्राचा जुना सांगाडा. यंत्र केव्हाच विकलं गेलेलं, वर एक फळी ठोकलेली, खाली पायटा मात्र शाबूत. लिहिताना नानांचा उजवा पाय त्या पायट्यावर असे. मजकूर जमायला लागला की पाय हलायला लागायचा, वरखाली, वरखाली, जणू खरोखरच काही शिवत आहेत. पाय थांबला की अडले. आम्ही चहावाल्याच्या बाकावरून त्यांचा पाय बघून सांगायचो, आज कोणाचा तरी अर्ज झकास उतरतोय.

माणूस बारीक, पांढरा शर्ट, खिशाला निळ्या शाईचा जुना डाग. अंगठा लावणारा कोणी आला की शाई पुसायला स्वतःचा रुमाल द्यायचे. एकदा मी म्हणालो, "नाना, चिंधी देतो ना मी, माझा धंदाच तो आहे." तर म्हणाले, "अंगठा त्याना शे, भिंतले पुसाले लावाना नही. चिंधीले बी नही." लिहायचे शुद्ध, बोलायचे अहिराणी. पण चिडले की बोलणंही शुद्ध व्हायचं. नाना शुद्ध बोलायला लागले की समोरच्याने समजून घ्यावं.

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी अमळनेरकडचा, सोळाव्या वर्षी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिलो, पुढे साड्यांचे तुकडे आणि चिंधी घेऊन विकायला लागलो, आज माझे दोन टेम्पो आहेत. कोणी दिलं म्हणून नाही, घासाघीस करून मिळवलं. तेव्हा आमच्या गल्लीत रस्त्यावर ठेवलेले गठ्ठे पालिकेची माणसं उचलून न्यायची. मी तणतणत नानांसमोर जाऊन बसलो.

"लिहा. एक, गठ्ठे उचलू नयेत. दोन, उचललेले परत द्यावेत. तीन, त्या मुकादमाची बदली करावी. चार..."

"बठ," नाना म्हणाले. "पानी पे. इतला कसाले तापस, भो? किती मागण्या शेत एकूण?"

"अकरा."

"अकरामाधली खरी कोणती?"

"सगळ्याच खऱ्या आहेत! आणि बाजारात दहा मागितले की पाच मिळतात, हे मला शिकवू नका."

"बाजारमा," नाना म्हणाले. "आठे, ह्या फळीवर, नही. साहेबले अकरा गोष्टी सांग्या की तो सोपी ती निवडस."

मी उठून चालू लागलो. दहा पावलं गेलो, परत आलो. गिऱ्हाईक असंच परत येतं, हे मला धंद्यात माहीत होतं. आपणही कोणाचं तरी गिऱ्हाईक होतो, हे त्या दिवशी कळलं. नानांनी एकच मागणी लिहिली: टेम्पो येईपर्यंत गठ्ठे भिंतीलगत ठेवू द्यावेत. ती मिळाली. बाकीच्या दहा आजही माझ्या डोक्यात आहेत, पण भिंतीलगत गठ्ठे आहेत. तेव्हापासून दुपारचा चहा मी नानांच्या फळीवर प्यायला लागलो.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्या चहात कळलं. तरुणपणी ते एका बाइंडिंगखान्यात कामाला होते. कुठल्या तरी जुन्या ग्रंथालयाची, वाळवीने खाल्लेली बाडं तिथे पुन्हा शिवायला यायची. त्यांत एकोणिसाव्या शतकातल्या कायदेमंडळाकडे लोकांनी पाठवलेल्या अर्जांच्या नकला होत्या. काही गुजरातीत, काही मराठीत, बऱ्याच इंग्रजीत. इंग्रजीचा अर्थ नाना ग्रंथालयातल्या एका बाईंना विचारून घ्यायचे. पानं शिवायच्या आधी जेवणाच्या सुट्टीत ते उतरवून काढायचे. एक लांब वही भरली होती. विणकर म्हणतात, बाहेरच्या कापडाने आमचा माग बसला. गावकरी म्हणतात, आमच्या जत्रेवर नवा कर बसवू नका. कोणी म्हणतात, उपासाच्या दिवशी आम्हाला कामाला जुंपू नका. नाना वाचून दाखवायचे आणि मान हलवायचे.

"देख, पोट आनि देव, दोन्ही एकच कागदवर. येगळं करताच उनं नही त्यासले."

"मग? मिळालं का काही?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

नाना वही मिटायचे. प्रत्येक अर्जाच्या शेवटी तो मांडला गेला, वाचला गेला, दफ्तरात ठेवला गेला, एवढीच नोंद होती. उत्तर कुठेच नव्हतं. "उत्तरसनं बाड येगळं व्हई," ते म्हणायचे. "ते शिवाले उनंच नही." नोकरी सुटल्यावरही कित्येक वर्षं ते त्या ग्रंथालयात जाऊन विचारत होते. नवा कारकून आला की पुन्हा विचारायचे. मी हसायचो. दीडशे वर्षांपूर्वीच्या, नावही माहीत नसलेल्या माणसांच्या उत्तराची वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यातूनच त्यांचे नियम आले होते. अर्ज दिला की पोहोच घ्यायची, शिक्क्यासकट. पोहोचा ते बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, माणूस मेला तरी फेकायचे नाहीत. दुसरा नियम सह्यांच्या पानांचा. सह्या दहा पानं असोत की वीस, प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते हाताने लिहायचे: 'या पानावरील सह्या पुढील एका मागणीसाठी आहेत', आणि खाली ती मागणी. वीस पानं तर वीस वेळा. झेरॉक्सवाला ओरडायचा, "काका, एक लखो ने, ओगणीस हुं काढी आपुं!" नाना ऐकायचे नाहीत. हाताने लिहिताना मागणी खरी आहे की नाही ते कळतं, म्हणायचे.

आणि तिसरं, पहिली सही. आमच्या लोकांना अर्जावर सही करायला हरकत नसते, पहिली करायला असते. पहिल्या नावावर शेठचं बोट पडतं. वीस माणसं कागदाभोवती उभी राहतात, पेन एकमेकाला देतात, कोणाला अचानक लघवी लागते. मग नाना पेन घ्यायचे. "पहिली सही मन्ही." स्वतःचा काही संबंध नसला तरी करायचे. त्यांच्याखाली मग रांग लागायची. वर्षानुवर्षं असं चाललं, आणि लोकांना सवयच झाली. कागद काय आहे ते कोणी वाचेना. वर नानांची सही आहे ना, एवढं बघायचे.

घरी नाना एकटे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी शिरपूरकडे दिलेली. एका खोलीत राहायचे, दाराला आतून कडी लावायचे नाहीत. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते तेव्हा आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठमूठ गहू मोजून रोटाचं पीठ दळतात, आणि तो रोट आपल्या भाऊबंदांतच खायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत. नानांचं सुरतेत भाऊबंद कोणी नव्हतं. एका वर्षी मी गिरणीत रांगेत उभा होतो. कोणाचे डबे, कोणाच्या पिशव्या. नानांनी पुढे होऊन एक छोटी वाटी ठेवली. गिरणीवाला बघतच राहिला. "नाना, एवढ्याला चक्की कशी लावू? अर्धं तर दगडालाच चिकटेल." "जितलं सुटी तितलं दे," नाना म्हणाले. मी त्यांना माझ्याकडे जेवायला बोलावू शकत होतो. रोट नाही, दुसरं काही. बोलावलं नाही. सुचलंच नाही.

आता कानबाईच्या सोमवारचं सांगतो. रविवारी कानबाई आई बसते, सोमवारी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन तापीच्या ओवाऱ्यावर, घाटावर, विसर्जनाला नेतात आणि पुरुष वाजंत्रीपुढे नाचतात. सुरतेतला खानदेशी माणूस दिवाळीला गावी जाईल न जाईल, पण या सोमवारी लूमवर जात नाही. पूर्वी शेठ लोक एक दिवस सोडून द्यायचे. मग कडोदऱ्याच्या काही खात्यांमध्ये, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, नवी रीत निघाली. सोमवारी जो येणार नाही त्याची लूम मंगळवारी दुसऱ्याच्या हातात. काढलं असं कोणी म्हणत नाही. माणूस येतो, त्याच्या जागी दुसरा उभा असतो, खात्यावर देखरेख करणारा मास्तर म्हणतो, "बैठ, देखता हूँ." आठवडा बसतो, मग निघून जातो.

सहा-सात जण नानांकडे आले. नानांचा पाय त्या दिवशी जो हलायला लागला तो थांबेना. त्यांनी अर्ज थेट विधानसभेला लिहायचा ठरवलं. पालिका नाही, कामगार कचेरी नाही. मी म्हणालो, "एवढ्या वर कशाला?" म्हणाले, "वहीमधला लोकसनी वरच लिखेल व्हतं." मागणी एक: कानबाईच्या सोमवारी कामावर न आलेल्या कारागिराची लूम दुसऱ्याला देऊ नये. देवही त्यात, पोटही त्यात.

सह्या गोळा करायचं काम मी अंगावर घेतलं. टेम्पो माझा, ओळखी माझ्या. पाळी बदलताना खात्याच्या फाटकावर दहा मिनिटं माणसं सापडतात, नंतर गर्दी पांगते. पहिल्या दिवशी नानांनी लिहिलेली चार पानं पाच मिनिटांत संपली आणि माणसं हात हलवत निघून गेली. माझी तळपायाची आग मस्तकात. दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सवाल्याकडून रेघा मारलेली पानं काढून आणली. क्रमांक, नाव, खातं, सही. माथा कोरा.

नानांनी पान उलटसुलट बघितलं. "वर मागणी नही. ह्या कागदवर सही लेवानी नही."

"नंतर लिहा ना! पानं कुठे पळून जातात?"

"रतन, कोऱ्या माथ्याच्या पानावर घेतलेली सही कोणाचीही होते." शुद्ध बोलले. मी समजून घ्यायला हवं होतं.

"तुमची वीस पानं होईपर्यंत श्रावण संपेल," मी ओरडलो. "मग बसा पुढची दीडशे वर्षं उत्तराची वाट बघत!"

हे मी बोललो. चौकात, चहावाल्यासमोर. नानांनी पेन उघडलं आणि कोऱ्या माथ्याच्या पहिल्या पानावर सही केली, कारण त्यांची सही असल्याशिवाय फाटकावर कोणी पेनला हात लावणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. संध्याकाळपर्यंत नऊ पानं भरली. नानांची पहिली चार पानं, सह्यांसकट, मी चिडवायला त्यांनाच परत दिली, नऊ पुरेत, घ्या तुमची अक्षरं. त्यांनी ती घडी घालून डब्यात ठेवली. नऊ पानांवर ते सकाळी बसून मागणी लिहिणार होते.

सकाळ झाली नाही. त्याच संध्याकाळी आमच्या कानबाई उत्सव मंडळाचा अध्यक्ष भास्करशेठ मला भेटला. हा आमच्याच तालुक्यातला, एके काळी माझ्या शेजारच्या लूमवर उभा असलेला, आता कडोदऱ्याला तीन खाती चालवतो. चिंधीचा माझा निम्मा माल त्याच्याकडूनच येतो. म्हणाला, "रतनभाऊ, ते कागद आमदारसाहेबांच्या हातात मी स्वतः देतो. मंडळाचं लेटरहेड लावतो, वजन पडेल." मला वाटलं, सौदा चांगला आहे. शेठच्याच हातून शेठविरुद्धचा अर्ज जाणार, याहून मोठी हुशारी कोणती? नऊ पानं आणि अर्ज मी त्याला दिले, अर्ज त्याने माझ्यासमोरच वाचला. पोहोच घेतली नाही. आपल्याच माणसाकडून पोहोच कोण घेतं?

आठवड्याने खात्यांच्या फाटकांवर एक पत्र चिकटलं. समस्त कारागीर बांधवांनी स्वखुशीने ठरवलं आहे की यंदापासून आईचं विसर्जन रविवारीच उरकावं, सोमवारी खाती चालू राहतील, सुट्टीची कोणाचीही मागणी नाही. मागे नऊ पानं सह्या. पहिली सही तुळशीराम नानांची.

लोक भास्करशेठकडे गेले नाहीत. नानांकडे आले. मी बाकावर होतो.

"काय नाना, पेढे कोणत्या दुकानाचे होते?"

"आमच्याकडून अंगठे घेतले आणि आईलाच विकलं की हो!"

नाना उभे राहिले. "सही मन्ही शे," ते म्हणाले. "कागद मन्हा नही."

"मग कागद दिला कोणी?"

नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मन्ही सही शे," पुन्हा तेवढंच म्हणाले. वर्षानुवर्षं लोकांना शिकवलं होतं की नानांची सही म्हणजे खरं. आता तीच गोष्ट त्यांच्या गळ्यात पडली. डबा उघडून ती चार पानं ते दाखवायला लागले, त्यावर मागणी लिहिलेली होती. कोणी हातात घेतली नाहीत. एकजण म्हणाला, "माथा काल रात्री लिहिला असेल."

मी भास्करशेठच्या ऑफिसात गेलो. टेबलावरचा चहाचा ट्रे उलटा केला. त्याने भिजलेली बिलं बाजूला सारली.

"कागद कोणी आणून दिला? तू. माथा कोरा कोणी ठेवला? तू. मी चोरलं काय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "चौकात जाऊन सांग ना, पानं मी दिली म्हणून. आणि मग माल कुठून उचलतोस ते बघू."

मी सांगितलं नाही. दोन टेम्पो, चार माणसं कामाला, मुलीचं कॉलेज. मी हिशेबी माणूस आहे आणि मी हिशेब केला. चौकात मी भास्करशेठला शिव्या घातल्या, खूप घातल्या, पण पानं त्याच्याकडे गेली कशी हे कोणी विचारलं की विषय बदलला.

नानांच्या टेबलाशी कोणी येईना. झेरॉक्सवाला त्यांना चहा पाठवायचा, तेवढाच. ते मात्र रोज वेळेवर यायचे, कोरे कागद काढायचे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर लिहायचे: 'या पानावरील सह्या पुढील एका मागणीसाठी आहेत'. खाली जागा सोडायची, पुढचं पान. पाय हलत नव्हता. मी एकदा जाऊन बसलो. म्हणालो, "नाना, मी सांगतो लोकांना." ते म्हणाले, "सांग." मी जागचा उठलो नाही. मग ते म्हणाले, "चहा थंड होतोय," शुद्ध मराठीत.

त्या श्रावणात मंडळाने रविवारीच विसर्जन केलं, डीजे लावून. पाच-सहा घरांच्या बायकांनी ऐकलं नाही. सोमवारी सकाळी त्या आईला डोक्यावर घेऊन निघाल्या. एक ढोल, एक सनई, बास. पुरुष सगळे लूमवर. आईपुढची जागा रिकामी, तिथे नाचायला कोणी नाही. मी माल घेऊन निघालो होतो, टेम्पो रस्त्याच्या कडेला थांबवला.

नाना गल्लीतून आले आणि त्या रिकाम्या जागेत उभे राहिले. त्यांना मी कधी नाचताना पाहिलं नव्हतं. हात कसे धरायचे तेही त्यांना माहीत नव्हतं, ते अंगाशीच होते. फक्त उजवा पाय हलायला लागला, वरखाली, वरखाली, पायट्यावर हलायचा तसा. मागून एक बाई म्हणाली, "नाचू दे, पाप तरी फिटेल." त्यांना ऐकू गेलं असणार. पाय थांबला नाही. ढोलाच्या मागे पडत, पुन्हा गाठत, एकटे ते वळणापर्यंत गेले. मला उतरता आलं असतं. मी टेम्पो सुरू केला.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. गणपतीच्या सुमारास मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. थंडीत कळलं की गेले. नानांनी माझ्यासाठी ठेवलेला एक गठ्ठा झेरॉक्सवाल्याने मला दिला, "काकाए तमारा माटे मूक्युं छे." माथे लिहिलेली, खाली कोरी पानं. त्यांतल्याच पानांवर हे लिहितो आहे.

भास्करशेठ, पानं मी दिली. माथा मी कोरा ठेवला. पोहोच मी घेतली नाही, आणि नाना हयात असताना तोंड उघडलं नाही. हे आता चौकात लागेल, मंडळाच्या फळ्यावर लागेल, माझा माल तुम्ही आजच बंद करा. पण त्या कोऱ्या माथ्यावर कोणती मागणी यायची होती, ते तुम्हाला ठाऊक होतं. त्यासोबतचा अर्ज मी तुमच्या हातात दिला होता आणि तुम्ही तो माझ्यासमोर वाचला होता. ती मागणी काय होती, आणि तो अर्ज कुठे गेला, ते तुमच्या हाताने, तुमच्या सहीने लिहून द्या. येत्या कानबाईच्या आत. वाचला आणि ठेवून दिला, असं चालणार नाही. या पानावर पहिली सही माझी आहे. उत्तर द्या.